पाकिटावरचं ‘ऑर्थो-ऑर्थो’

प्रश्न : माझी दोन एकर द्राक्षबाग आहे. जमीन चुनखडीची, माती परीक्षणात सामू (पीएच) 8.2 आला. एप्रिल छाटणीनंतर शेंड्याची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. कृषी सेवा केंद्रातून ‘चिलेटेड फेरस, ईडीटीए, 12 टक्के’ आणून दोनदा ड्रिपमधून सोडलं, काडीचा फरक पडला नाही. आता तोच दुकानदार म्हणतो ‘ईडीडीएचए’ घ्या. त्यात लोह 6 टक्के आणि किंमत कितीतरी जास्त. लोह निम्मं आणि वर जादा पैसे, ही लूट नाही का? शिवाय पाकिटावर ‘ऑर्थो-ऑर्थो 4.8’ असं छापलंय, ते काय?
– एक द्राक्षबागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : लूट नाही. पण पहिलं पाकीट देण्याआधी दुकानदारानं सामू विचारायला हवा होता आणि तुम्ही तो सांगायला हवा होता. दोघांचंही थोडं थोडं चुकलं असं म्हणू आणि पुढे जाऊ.

तुमच्या जमिनीत लोह कमी आहे असं मुळीच नाही. आपली जमीन काळ्या पाषाणातून झालेली, तिच्यात लोह ढिगानं आहे. पण ते गंजाच्या रूपात मातीला चिकटून बसलेलं आहे, पाण्यात उतरत नाही. सामू एका अंकानं वर गेला की पाण्यातलं मोकळं लोह हजारपट घटतं. एका अंकाला हजारपट, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चिलेट, म्हणजे एकाच रेणूनं अनेक हातांनी धातूला धरून ठेवलेलं संयुग. हा शब्द ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरून आला. मॉर्गन आणि ड्रू या दोन रसायनशास्त्रज्ञांनी तो 1920 साली रूढ केला. लोहाच्या अणूभोवती सहा जागा असतात : वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. साध्या पाण्यात त्या सहाही जागांवर पाण्याचे रेणू बसलेले असतात. हे बसणं म्हणजे काय, तर पाण्यातल्या ऑक्सिजनकडे स्वतःची इलेक्ट्रॉनची जोडी असते आणि ती तो लोहापुढे धरतो. नेहमीच्या बंधात दोन्ही बाजू एकेक इलेक्ट्रॉन घालतात. इथे दोन्ही एकाच बाजूचे. वर्गात मी म्हणायचो, बिल एकानंच दिलंय, जेवले मात्र दोघं. अशा बंधांनी धातूभोवती जमलेल्या संयुगांना आम्ही कोऑर्डिनेशन कंपाउंड म्हणतो. विश्वकोशी मराठीत त्याला भारदस्त शब्द आहेत, पण तासगावच्या दुकानात तुम्ही ‘चिलेटेड’च म्हणणार, म्हणून तोच शब्द ठेवतो.

ईडीटीएच्या एकाच रेणूला असे सहा हात आहेत : दोन नायट्रोजन, चार ऑक्सिजन. सहा पाण्याचे रेणू उठवून एकटा तो सगळ्या जागा धरतो. एकाच रेणूचे हात असले की फायदा असा, की एक सुटला तरी बाकीच्यांनी धरलेलं असतं, त्यामुळे सुटलेला हात जवळच घुटमळतो आणि परत बसतो. शिवाय एक रेणू आत जाऊन सहा मोकळे होतात, आणि निसर्गाला असा मोकळेपणा मानवतो. हे किती फरक करतं बघा. निकेलला अमोनियाच्या सहा सुट्या रेणूंनी धरलं तर पकडीचा आकडा येतो 10 चा 8.6 वा घात. तेच सहा नायट्रोजन दोन-दोनच्या जोडीनं बांधून दिले, म्हणजे इथिलीनडायअमाइनचे तीन रेणू घेतले, की 18.3 वा. नायट्रोजन तेच सहा, पकड सुमारे पाच अब्जपट. हात एकमेकांना बांधलेले, एवढाच काय तो फरक.

मग ईडीटीएनं तुमच्याकडे मान का टाकली? तिची लोहावरची पकड 10 च्या 25 व्या घाताची, आणि कॅल्शियमवरची 10.7 व्या. म्हणजे लोह कोटीच्या कोटीपट पुढे. हा आकडा बघून आमचे विद्यार्थी बिनधास्त लिहितात, ‘म्हणून लोह कधीच सुटणार नाही.’ अहो, पण समोर कोण किती संख्येनं उभं आहे हे नको बघायला? चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमचा बाजार भरलेला असतो, आणि मोकळं लोह सामूच्या प्रत्येक अंकाला हजारपट घटत गेलेलं असतं. कागदावर हिशेब मांडला तर असं दिसतं : सामू 6 ला ईडीटीए जवळजवळ सगळी लोहाकडे. 7 च्या आसपास निम्मी निम्मी. 8 ला हजारात एक रेणूही लोहाजवळ उरत नाही, सगळे कॅल्शियमकडे, आणि सुटलेलं लोह गंज होऊन मातीत. हे एका रात्रीत होत नाही, काही दिवस जातात. पण होतं. तुम्ही ड्रिपमधून लोह सोडलं आणि जमिनीनं त्याचा गंज करून ठेवला.

ईडीडीएचएमध्येही सहाच हात आहेत. दोन नायट्रोजन तसेच, पण चार ऑक्सिजनपैकी दोन फिनॉलचे. फिनॉलचा ऑक्सिजन लोहाला फार आवडतो, कॅल्शियमला त्याचं तितकं अगत्य नाही. त्यामुळे इथली पकड 10 च्या 35 व्या घाताच्या आसपास जाते आणि सामू 9 पर्यंत टिकते. ईडीडीएचएच्या पाण्याचा रेड वाइनसारखा लालभडक रंगही याच फिनॉल-लोह जोडीचा आहे.

आणि इथेच तुमचं ‘ऑर्थो-ऑर्थो’ येतं. फिनॉल म्हणजे सहा कोपऱ्यांचं कडं. एका कोपऱ्याला रेणूचा बाकीचा सांगाडा जोडलेला, दुसऱ्या कोपऱ्याला ऑक्सिजनचा हात. हात शेजारच्याच कोपऱ्यावर असला तर ती जागा ऑर्थो. अगदी समोरच्या कोपऱ्यावर असला तर पॅरा. शेजारच्या कोपऱ्यावरचा हात वळून लोहापर्यंत सहज पोचतो. समोरच्या कोपऱ्यावरचा हात लोहाकडे पाठ करून उभा, पोचणार कसा? अशा रेणूत अणू तेच, तेवढेच, वजन तेच. प्रयोगशाळेत नुसतं सूत्र काढलं तर दोन्ही एकच दिसतील. पण ऑर्थो-ऑर्थोचे सहा हात लोहाला लागतात, ऑर्थो-पॅराचे पाच, आणि पॅरा-पॅराचे चारच. या सारख्या सूत्राच्या पण वेगळ्या बांधणीच्या भावंडांना समघटक म्हणतात. कारखान्यात ईडीडीएचए बनवताना ही भावंडं एकत्रच तयार होतात, आणि ऑर्थो-ऑर्थोचं प्रमाण वाढवणं हेच खर्चाचं काम. तुमच्या पाकिटावर एकूण लोह 6 टक्के, त्यातलं 4.8 टक्के सहा हातांनी धरलेलं, असा त्याचा अर्थ. पैसे या 4.8 चे आहेत.

मागच्या उन्हाळ्यात मेव्हण्याच्या मळ्यातली माती घेऊन मी हे घरी करून बघितलं. माती अशी की लिंबू पिळलं तर फसफसायची. पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्यांत ओंजळ ओंजळ माती. एकीत ईडीटीएचं पाणी, दुसरीत 4.8 वालं ईडीडीएचए, तिसरीत दुकानात मिळालेलं एक स्वस्त ईडीडीएचए, ज्यावर ऑर्थो-ऑर्थोचा आकडाच नव्हता. दिवसातून दोनदा हलवायचं, बाकी वेळ कपाटात, कारण ही चिलेटं उजेडानं मोडतात. (बायकोनं ‘हे काय कुजत घातलंय’ म्हणून एक बाटली जवळजवळ ओतून दिली होती.) घोळवल्या घोळवल्या दुसरी-तिसरी सारख्याच लाल. आठव्या दिवशी माती खाली बसू दिली. दुसरीच्या वरचं पाणी कोकमाच्या आगळासारखं लाल होतं. तिसरीचं फिकं गुलाबी. पहिलीची मुळातली पिवळट झाक उतरून पाणी जवळजवळ साधं झालेलं. हे काही मोजमाप नव्हे, पण तिसरं पाकीट मेव्हण्यानं परत केलं.

तुमच्या मनात पुढचा प्रश्न येणारच : एवढं घट्ट धरलं तर वेलीला मिळतं कसं? वेलीचं मूळ लोहाला एक इलेक्ट्रॉन देतं. चिलेटमधलं लोह फेरिक असतं (पाकिटावर आणि दुकानात ‘फेरस’ म्हणतात ते चूकच आहे), ते मुळाशी फेरस होतं, आणि फेरस लोहावर या खेकड्याची पकड एकदम ढिली पडते. लोह मुळात जातं, रिकामा खेकडा परत मातीत जाऊन नवं लोह धरू शकतो. गवताच्या कुळातली पिकं, म्हणजे गहू, मका वगैरे, याच्या उलटं करतात. ती मुळांतून स्वतःच चिलेट सोडतात आणि लोहासकट आत ओढून घेतात. तुमच्या वेलीला ती विद्या नाही.

तेव्हा जमिनीतून द्यायचं तर ऑर्थो-ऑर्थोचा आकडा बघून ईडीडीएचए, तेही मुळाशी. उरलेलं ईडीटीए फेकू नका; पानावर कुठली चुनखडी आलीय? फवारणीला वापरा. फक्त बोर्डो या बुरशीनाशकाबरोबर एका टाकीत घालू नका. बोर्डोत चुना असतो, म्हणजे तुमची जमीनच टाकीत ओतल्यासारखं होईल.

प्रश्न : सर, एक्स-रेनं रेणू बघता येत नव्हते त्या काळात रसायनशास्त्रज्ञ वर्नरला धातूभोवतीचा आकार अष्टफलक आहे हे कळलं कसं? पुस्तकात एका ओळीत दिलंय. आणि सिस-ट्रान्स पाठ करण्यापलीकडे उपयोग काय?
– बारावीची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : मोजून कळलं, बाळा. शब्दशः मोजून.

आधी स्वयंपाकघरात जा. एक बटाटा घे आणि सहा टूथपिक सहा दिशांना खोच, हा झाला अष्टफलक. टोकांना चार हिरवे वाटाणे आणि दोन शेंगदाणे लाव. किती वेगवेगळ्या तऱ्हा होतात? शेंगदाणे शेजारी (सिस), किंवा समोरासमोर (ट्रान्स). दोनच. बाकी सगळ्या तऱ्हा बटाटा फिरवला की याच दोनांत बसतात. आता तेच सहा दाणे सपाट षटकोनाच्या कोपऱ्यांवर मांड : तीन तऱ्हा. त्रिकोणी लोलकाच्या सहा कोपऱ्यांवर मांड : पुन्हा तीन. म्हणजे प्रयोगशाळेत अशा संयुगाचे किती प्रकार सापडतात एवढं मोजलं तर आत न बघता आकार ठरवता येतो.

आल्फ्रेड वर्नरनं हा विचार 1893 मध्ये मांडला, तेव्हा तो 26 वर्षांचा होता. समोर कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनियाची रंगीत मालिका होती. सहा अमोनियाचं पिवळं, पाचाचं जांभळं, चाराचं हिरवं. सिल्व्हर नायट्रेट घातलं की मोकळं क्लोराइड पांढरा साका होऊन खाली बसतं. (माझ्या बोटांवर प्रॅक्टिकलचे काळे डाग आठवडाभर राहायचे, पंगतीत लोक विचारायचे.) पिवळ्यातून तिन्ही क्लोराइड पडतात, जांभळ्यातून दोन, हिरव्यातून एकच. वर्नर म्हणाला, अमोनिया जेवढे कमी झाले तेवढी क्लोराइडं धातूला थेट जाऊन चिकटली, बेरीज सहाच राहिली. विजेचं वहन मोजून त्यानं आणि त्याचा सहकारी मिओलाती यानं याला दुजोराही दिला.

पण एक अडचण होती. चार अमोनिया, दोन क्लोराइड : बटाट्याच्या नियमानं दोन प्रकार हवेत. हिरवा होता, दुसरा कुठाय? कोपनहेगनचे योर्गेन्सन, ज्यांनी ही संयुगं वर्षानुवर्षं हातानं बनवली होती आणि ज्यांच्याच नोंदींवर वर्नर उभा होता, नेमकं हेच विचारत होते. हा आक्षेप चौदा वर्षं उभा राहिला. 1907 मध्ये वर्नरला तो दुसरा, जांभळट निळा प्रकार मिळाला, आणि योर्गेन्सननी अमोनिया एकापुढे एक साखळीनं जोडलेले असतात ही आपली कल्पना सोडून दिली. वर्नरइतकंच मला या माणसाचं कौतुक आहे. आयुष्यभराचं काम चुकीच्या बाजूला गेलेलं दिसल्यावर कबूल करणारे मी फार बघितलेले नाहीत.

तरी कोणी म्हणू शकतं, ‘दोन सापडले म्हणून तिसरा नाहीच कशावरून?’ म्हणून वर्नर आणखी पुढे गेला. अष्टफलकातल्या काही मांडण्या उजव्या-डाव्या चपलेसारख्या निघतात, एकीवर दुसरी बसत नाही. 1911 मध्ये त्याच्या व्हिक्टर किंग या अमेरिकन विद्यार्थ्यानं कोबाल्टच्या एका संयुगातल्या अशा चपला वेगळ्या करून दाखवल्या. त्यावरही कुरकुर झाली, की हा गुण संयुगातल्या कार्बनचा असेल. 1914 मध्ये वर्नरनं कार्बनचा एकही अणू नसलेलं संयुग घेऊन त्याच्याही जोड्या वेगळ्या केल्या. मधल्या 1913 मध्ये त्याला नोबेल मिळून गेलं होतं.

उपयोगाचं विचारलंस. प्लॅटिनमभोवती चौकोनात दोन अमोनिया, दोन क्लोराइड. क्लोराइडं शेजारी असतील तर ते सिसप्लाटिन, कर्करोगावरचं औषध. अमेरिकेत 1978 मध्ये मान्यता मिळाली. समोरासमोर असतील तर औषध म्हणून निकामी. क्लोराइडं गळून त्या दोन जागांनी प्लॅटिनम डीएनएतल्या शेजारशेजारच्या दोन ग्वानिन नावाच्या घटकांना धरतं आणि धागा वाकवतं. समोरासमोरच्या जागांनी शेजारचे दोन धरता येत नाहीत. हा रेणू पेरोने या इटालियन माणसानं 1840 च्या दशकातच बनवला होता. त्याचा गुण मात्र 1965 मध्ये संशोधक रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम बघत असताना कळला, कारण त्यांच्या प्लॅटिनमच्या विद्युतध्रुवांतून तो आपोआप तयार होत होता.

वरच्या द्राक्षवाल्या काकांचं उत्तरही वाच. परीक्षेत समघटकतेवर ‘रोजच्या जीवनातलं उदाहरण’ आलं तर ते लिही, तपासणारा जागा होईल.

प्रश्न : निकेलच्या टेट्रासायनाइडचा (चार सायनाइडांनी धरलेलं निकेल) स्थिरता स्थिरांक, म्हणजे पकडीचा आकडा, प्रचंड आहे, 10 चा 30 वा घात वगैरे. तरी त्यातलं सायनाइड डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलतं. उलट कोबाल्टचं हेक्साअमाइन (सहा अमोनियाचं) आम्लात अस्थिर असूनही दिवसेंदिवस तसंच राहतं. मुलं विचारतात, मग ‘स्टेबल’ कोणाला म्हणायचं?
– एक प्राध्यापिका, कोल्हापूर

उत्तर : मी एसटीचं उदाहरण द्यायचो, बाई. कोल्हापूर-सांगली गाडी. तिची सीट कधीही बघा, भरलेलीच. पण प्रत्येक थांब्यावर माणूस वेगळा. हे तुमचं निकेल सायनाइड : जागा रिकामी राहत नाही म्हणून स्थिर, माणसं झपाट्यानं बदलतात म्हणून चंचल. स्थिरांक सीट भरलेली आहे एवढंच सांगतो, कोण कधी उतरलं ते नाही. निकेल इथे सपाट चौकोनात आहे, वरून-खालून वाट मोकळी. पाचवा आत चढतो आणि मग एक जण उतरतो.

कोबाल्टच्या गाडीत प्रवाशाचा थांबा केव्हाच मागे गेला, पण दार अडकलंय. कोबाल्टचे सहा डी-इलेक्ट्रॉन खालच्या तीन कक्षकांत जोडीजोडीनं बसलेले असतात, आणि आत-बाहेर करायला त्या सुखाच्या मांडणीतून उठावं लागतं. हे उठणं महाग पडतं. रसायनशास्त्रज्ञ हेन्री टाउबेनं 1952 मध्ये इलेक्ट्रॉनांच्या या मांडणीवरून चंचल आणि मंद अशी विभागणी केली. चंचल कोण, तर खोलीच्या तापमानाला साधारण मिनिटाच्या आत बदलणारा. टाउबेंना 1983 चं नोबेल मिळालं.

फळ्यावर सांगण्यापेक्षा दाखवा. सोमवारी हिरव्या क्रोमिक क्लोराइडचे खडे पाण्यात विरघळवून ग्लास खिडकीत ठेवा. क्रोमियमही अडकलेल्या दाराचाच, तीन डी-इलेक्ट्रॉनांचा. सुरुवातीला त्याची दोन क्लोराइडं धातूला चिकटलेली, तिसरं मोकळं. थोडं द्रावण लगेच काढून सिल्व्हर नायट्रेट घाला, साका येईल तो एकाच क्लोराइडचा. मग रोज येता-जाता मुलांना ग्लास बघू द्या. पाणी एकेक क्लोराइड उठवून त्याच्या जागी बसतं, हिरवा निळसर होतो, निळसर जांभळ्याकडे झुकतो. शनिवारी पुन्हा तेवढंच द्रावण, तेवढंच सिल्व्हर नायट्रेट. दोन्ही परीक्षानळ्या शेजारी ठेवा आणि साका कुठे जास्त बसलाय ते मागच्या बाकावरच्या मुलाला विचारा.